ईशान्येकडे सहा हात

आजीच्या उशाशी पितळेचा तांब्या असायचा, काठोकाठ भरलेला. त्यातलं पाणी ती रात्री प्यायल्याचं मला आठवत नाही. ते बघायचं पाणी होतं. झोपेत काही खडखडल्यासारखं वाटलं की ती कंदिलाची वात वर करायची आणि तांब्यात डोकवायची. पाणी थरथरत असलं तर आम्हा सगळ्यांना उठवून अंगणात न्यायची. पाणी गप्प असलं तर "वारं हाय, निजा," म्हणून कुशीवर वळायची.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. माझा जन्म १९७० चा, म्हणजे मोठ्या भूकंपानंतर तीन वर्षांनी. तरी ती पहाट मला पाठ आहे, इतक्या वेळा मी ती ऐकली. आजीच्या तोंडून ऐकली, आबांच्या तोंडून ऐकली, शेजारच्या म्हातारीकडून ऐकली. तिघांची गोष्ट वेगळी होती. आवाजाबद्दल मात्र तिघांचं एकमत होतं.

तारीख ११ डिसेंबर १९६७. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, चंद्र मावळून गेलेला. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. ही मिनिटं मला पुढे पुस्तकातून कळली. आजीची वेळ होती जात्यावर बसायची. ती माजघरात दळत होती. जातं घरघरत होतं, ते एकाएकी जास्तच घरघरायला लागलं. आत खडा गेला असेल म्हणून तिनं हात थांबवला.

"म्या खुटा सोडला, तरी घरघर थांबंना. जातं उभं, आन् आवाज चालूच. मंग कळलं, ह्यो आवाज जात्याचा न्हवं, भुईचा."

एवढं सांगून ती नेहमी थोडी थांबायची. मग उतरंडीचं सांगायची. माजघराच्या कोपऱ्यात सात मडक्यांची उतरंड होती. तळाच्या डेऱ्यात ज्वारी, त्यावर डाळी, त्यावर मीठ-मिरची, सगळ्यात वरच्या बोळक्यात चार पैसे. ती आधी डोलली, जत्रेतल्या काठीसारखी, आणि मग वरून एकेक मडकं सुटत आलं. वाकून माझ्या थोरल्या काकांना उचलावं, धाकट्याला काखेत मारावं आणि उंबरा ओलांडावा, एवढाच वेळ तिला मिळाला. मागे आढं बसलं. कौलं पावसासारखी सांडली. गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं होतं, ती आधीच अंगणात उभी होती. तळाचे दोन डेरे तेवढे शाबूत राहिले. त्यातल्या एकात पुढं वर्षानुवर्षं आमचं पिण्याचं पाणी होतं.

त्या पहाटे सुमारे १८० माणसं गेली. कोयनानगरातली बहुतेक घरं कोसळली. धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला. त्याची तीव्रता ६.३ सांगतात. कोयना धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या, पण भिंत उभी राहिली. १०३ मीटर उंचीची ती भिंत पुढे मागून टेकू देऊन भक्कम केली. ती पडली असती तर खालच्या खोऱ्यात आमचं घराणं सांगायला कुणी उरलं नसतं, हे आबा दर वेळी सांगत, आणि दर वेळी हात जोडत.

भुई का हलली, यावर मात्र आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. आबांचा शेषावर विश्वास. पृथ्वी त्याच्या मस्तकावर आहे. एक फणा शिणला की तो भार दुसऱ्या फण्यावर घेतो, तेव्हा हलतं. आजीला हे पटत नसे. शेष काय कालचा आहे का, ती विचारी. तिच्या सासूनं, तिच्याही सासूनं असं काही सांगितलं नव्हतं. नदी अडवली, पाणी तुंबवलं, आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून भुई कुरकुरायला लागली, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. मोठ्या धक्क्याच्या आधी, त्याच वर्षी भाद्रपदाच्या सुमारास, एक जोराचा धक्का येऊन गेला होता. "नदीला वाट लागती. तिला कोंडली की ती खालनं वाट काढती," असं तिचं म्हणणं.

पुढं मी भूगोल शिकले, शिकवायला लागले. तेव्हा त्या दोघांचा वाद मी मनात घेऊनच प्रत्येक पुस्तक उघडत असे.

पृथ्वीच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही. मध्यापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. माणसानं खणलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियात, कोला द्वीपकल्पावर, आणि ते आहे सव्वाबारा किलोमीटर. म्हणजे भोपळ्याची सालसुद्धा आपण नीट खरवडलेली नाही. मग आतलं कळलं कसं? बाजारात मडकं घेताना आजी जे करायची, तसंच. ती मडकं तळहातावर धरून बोटाच्या पेरानं वाजवायची, कान लावायची. आवाज खणखणीत आला तर घ्यायची, बद्द आला तर परत ठेवायची. तडा डोळ्याला दिसत नसला तरी आवाजात सापडतो. भूकंप पृथ्वीला तसाच वाजवतो. लाटा आतून फिरून येतात, कुठं वेगानं, कुठं रेंगाळत, कुठं वाकून.

हे कान लावण्याचं काम करणारा एक मोठा माणूस आपल्याच देशात नोकरीला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला. १२ जून १८९७ ला आसामात प्रचंड भूकंप झाला. त्याच्या नोंदींवरून ओल्डहॅमनं दाखवलं की भूकंपाची लाट एक नसते. पहिली दाबत-ताणत येते, दुसरी आडवी हलवत येते, तिसरी पृष्ठभागावरून लोळत येते. १९०६ मध्ये त्यानं पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे लाटांवरूनच सांगितलं. तीन वर्षांनी क्रोएशियातल्या मोहोरोविचिच यांनी वरच्या कवचाची खालची हद्द शोधली. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा आहे हे ताडलं. खंडांखाली साधारण तीस-चाळीस किलोमीटरचं कवच, त्याखाली २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण, मग वितळलेल्या लोखंड-निकेलचा बाह्य गाभा, आणि मध्यभागी दाबानं घट्ट झालेला आतला गाभा. वर्गात मी फळ्यावर वर्तुळं काढते तेव्हा मला तळातला डेरा आणि वरचं बोळकंच दिसतं.

मुलांना सगळ्यात अवघड जातं ते प्रावरण. तो खडक घट्ट आहे, आणि तरी वाहतो, हे त्यांच्या गळी उतरत नाही. मी त्यांना गुऱ्हाळावर नेते. आमच्या कराड-पाटणच्या बाजूला हिवाळ्यात त्याला तोटा नाही. आधी काहील दाखवते. चुलवाणावर रस उकळायला लागला की मधून उसळी येते, मळी कडेला ढकलली जाते, कडेचा थंड झालेला रस खाली जातो. गुळव्या झाऱ्यानं मळी काढत असतो, ती तुकड्यातुकड्यांनी एकमेकांवर आपटते, एक दुसरीखाली शिरते. मग गुळाची ढेप दाखवते. ढेप फोडायला बत्ता लागतो. पण तीच ढेप माळ्यावर उन्हाळा-पावसाळा राहू दिली की आपल्याच वजनानं बसते, पसरते. प्रावरणाला तर कोट्यवधी वर्षं मिळालेली आहेत. त्याच्या वरच्या मऊ थरावर शंभर-एक किलोमीटर जाडीचे भूपट्ट बसलेले आहेत आणि ते सरकतात. थंड झालेला, जड झालेला पट्टा एका टोकाला खाली बुडतो आणि मागचं सगळं ओढून नेतो. पट्ट्यांना चालवणारं मोठं बळ या ओढीत आहे.

आपल्या पट्ट्याची ओळख मी खरेदीखतासारखी करून देते, चतुःसीमा सांगून. उत्तरेस हिमालय, तिथं युरेशियाशी टक्कर. पूर्वेस अंदमान आणि सुमात्रा, तिथं आपला पट्टा शेजाऱ्याच्या खाली शिरतो. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी त्याच बांधावरची. पश्चिमेस अरबी समुद्रातला ओवेन विभंग, तिथं आपण आणि अरबस्तान एकमेकांना घासून जातो. नैर्ऋत्येस कार्ल्सबर्ग पर्वतरांग, समुद्राच्या तळाशी, तिथं जमीन उसवते आणि खालून लाव्हा येऊन फट भरतो. आग्नेयेस ऑस्ट्रेलिया, तो बांध अजून नीट पडलेला नाही.

कार्ल्सबर्ग रांगेपाशी मला जरा थांबायचं आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे दिशा धरतात आणि तशीच राहतात. पृथ्वीचं चुंबक अधूनमधून उलटतं, उत्तरेचं दक्षिण होतं. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट असे पट्टे तयार होतात, आणि ते एकमेकांचं प्रतिबिंब असतात. लुगड्याच्या दोन्ही काठांवर जशी रेघ सारखी, तसे. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये याचा अर्थ लावला, तो याच कार्ल्सबर्ग रांगेवरच्या मोजणीवरून. १९१२ पासून आल्फ्रेड वेगेनर खंड सरकतात म्हणून सांगत होते आणि कुणी मनावर घेत नव्हतं. त्यांच्या बाजूनं उभा राहिलेला सगळ्यात मोठा साक्षीदार आपल्या अरबी समुद्राच्या तळाशी होता.

दुसरा साक्षीदार आमच्या विहिरीत होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर आबांनी विहीर काढली. खणायला आलेल्या वडारांना खालचा सगळा क्रम तोंडपाठ. वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, त्यावर सुरुंग. पाषाण संपला की तांबडा गेरूचा थर, आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा. त्यातला म्होरक्या म्हणाला होता, "मालक, हितं भुईवर भुई हाय." आबा हे वाक्य मरेपर्यंत सांगायचे. त्याचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख लाव्ह्यानं झाकला. डोंगर फुटून नव्हे, जमिनीच्या लांबलचक भेगांतून तो पसरला, थरावर थर. मांजऱ्या म्हणजे थराचा वरचा भाग, वायूचे बुडबुडे अडकलेला. काळा पाषाण म्हणजे त्याचं पोट. तांबडा थर म्हणजे दोन पुरांच्या मधला निवांत काळ. तेवढ्या वेळात खडक ऊनपावसानं कुजून माती झाला आणि मग पुढचा लाव्हा त्याच्यावरून गेला. वडाराचं वाक्य शब्दशः खरं होतं.

आणि त्या वेळी ही भुई इथं नव्हती. १९५० च्या दशकात दख्खनच्या खडकांमधलं चुंबकत्व मोजलं, तेव्हा लोहकणांचा कल सांगत होता की हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजला आहे. आज जिथं रीयुनियन बेट आहे, त्या बाजूच्या तप्त स्थानावरून आपला पट्टा तेव्हा जात होता. तिथून लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस अशी त्या प्रवासाची पाऊलखूण समुद्रात उमटलेली आहे. त्याआधी आपण मादागास्करला चिकटलेलो, आणखी आधी आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळ्यांबरोबर एकाच गोंडवनात. हे नाव गोंडांच्या मुलखावरून पडलं, आणि चंद्रपूरचा कोळसा त्याच गोंडवनी थरांतला, हे मुलांना सांगताना माझा आवाज थोडा वर चढतो, त्याला माझा इलाज नाही. लाव्ह्याच्या सुमारासच सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुटला आणि पश्चिमेचा किनारा उघडा पडला. आबा मीठ आणि सुकट आणायला बैलगाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जात. परतल्यावर सांगत, परशुरामानं बाण मारून समुद्र मागं हटवला, म्हणून कोकण. किनारा कायमचा तिथंच नव्हता, तो कधीतरी नव्यानं झाला, एवढं त्या गोष्टीनं धरून ठेवलं आहे. मला ती गोष्ट मोडून टाकावीशी कधी वाटली नाही.

आता आजीच्या धरणाबद्दल. तिच्या बाजूनं शास्त्रच उभं राहिलं. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळते, आणि जगात अशा भूकंपांत कोयनेचा सगळ्यात मोठा मानतात. भूकंपतज्ज्ञ हर्ष गुप्ता यांनी या विषयावर उभं आयुष्य घातलं. पाणी भेगांमधून खोल उतरतं, तिथला दाब वाढतो, भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून असतात ती पकड सैल होते. पण मी तिला एवढं सांगितलं, की दाराला बाहेरून कुणीतरी आधीच रेटत असल्याशिवाय अडसर काढून दार उघडत नाही. अडसर पाण्यानं ढिला केला. रेटा हिमालयाचा. पाच कोटी वर्षांपूर्वी आपला पट्टा आशियावर धडकला, तरी अजून तो पुढं जायचं थांबलेला नाही. तिथं अडलेलं बळ मागं सगळ्या पठारात साठतं आणि जुन्या दुबळ्या भेगांपाशी सुटतं. कोयनेला खडकाच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. जात्याच्या दोन तळ्या जशा.

तोवर दख्खनचं पठार म्हणजे देशातली सगळ्यात घट्ट जमीन असा समज होता. कोयनेनं तो मोडला, भूकंपाच्या नकाशात आमचा भाग चौथ्या विभागात गेला. मला सल आहे तो याचा, की धडा कोयनेपुरताच घेतला गेला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती बोळवून माणसं झोपलेली असताना, लातूरकडचं किल्लारी हललं. नकाशात तो भाग सगळ्यात निर्धोक, पहिल्या विभागात होता. बावन्न गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दोन-दोन हात जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार ठेवणारं तेच घर अंगावर आलं. आमच्याकडे १९६७ नंतर बांधलेली घरं हलकी होती, पत्र्याची, बुटक्या भिंतींची. तो शहाणपणा लातूरच्या घरांपर्यंत कुणीतरी वेळेत न्यायला हवा होता.

कोयनेत पुढं शास्त्रज्ञांनी खडकात खोल छिद्रं घेतली. गोठणे इथलं तीन किलोमीटर खोल गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, थरावर थर, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. अशा छिद्रांतून निघालेले खडकाचे दांडगे दांडे कराडच्या प्रयोगशाळेत जपलेले आहेत. काळा दगड संपतो आणि करडा-गुलाबी सुरू होतो, ती जागा बोटानं चाचपली तर मध्ये मातीचा मागमूस लागत नाही. उघड्या, जुनाट कातळावर लाव्हा थेट येऊन बसला. भुईवर भुई.

किल्लारीच्या त्या दिवशी आजी जेवली नाही. रेडिओपाशी बसून होती. संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"तिथं कोयना न्हाई. मंग कशानं गं?"

मी तिला सगळं सांगितलं. शाळेत सांगते तसं नव्हे, तिला सांगावं तसं. आपण ज्या भुईला स्थावर म्हणतो ती सरकते आहे. हे घर, विहीर, सह्याद्री, धरण, सगळं एका पाटावर बसल्यासारखं मिळून सरकतं आहे. आणि पुढं हिमालयाशी अडलं की कुठंतरी कळ लागते.

तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "कुठं निघालीया?"

"ईशान्येला."

ती वळली आणि देवघराकडे बघू लागली. पाडलेल्या घराच्या जागी नवं बांधताना तिनं हट्टानं ते ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवायला लावलं होतं.

"किती?"

"वर्षाला पाच सेंटिमीटर. तुझी दोन पेरं."

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळाचा हिशेब मी कधीतरी वहीच्या मागच्या पानावर मांडते. त्या पहाटेपासून आजपर्यंत तिचा उंबरा सहा हातांहून थोडा जास्तच सरकला आहे. पण त्या संध्याकाळी तिनं डाव्या हाताचं मधलं बोट समोर धरलं, उजव्या अंगठ्यानं एक पेर मोजलं, दुसरं मोजलं, आणि अंगठा तिथंच दाबून धरून ती दिवा लावायला उठली.